कासवाला भात चालत नाही

कासवाचे डोळे सुजून मिटले की लोक म्हणतात, झोपलंय. ते झोपलेलं नसतं. आमच्या वरच्या मजल्यावरच्या सूनबाईंनी काचेच्या भांड्यात एक कासव ठेवलं होतं, घरात बरकत राहते म्हणून. मी त्यांची वाटी परत करायला गेले होते. कासवाकडे एकदा बघितलं आणि सांगितलं, हे उपाशी आहे, आणि याला ऊन मिळालेलं नाही.

"अहो आजी, रोज खाऊ घालतो की," त्या म्हणाल्या.

"काय घालता?"

"भात. कधी पोळी कुस्करून."

सत्तर वर्षांपूर्वी माझ्या मायनेही हेच उत्तर दिलं होतं, जवळजवळ याच शब्दांत. आता कासव घरात पाळायला कायद्याने बंदी आहे हे मी त्यांना सांगितलं, आणि त्यांच्या नवऱ्याने ते वनखात्याच्या माणसांकडे नेऊन दिलं. बरं झालं. पण त्या दिवसापासून मला माझी बहीण फार आठवते आहे. दुसऱ्या कामात मन लागत नाही म्हणून हे लिहून काढते.

आमचं गाव मूल तालुक्याच्या बाजूचं, धानाचं. तेव्हा गडचिरोली वेगळी नव्हती, सगळा मिळून चांदा, म्हणजे चंद्रपूर जिल्हाच होता. मोठ्या बहिणीला आम्ही बाई म्हणायचो. ती माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. एका पावसाळ्यात चिखलणी चालू असताना बैलाच्या खुराजवळ तिला एक कासव सापडलं, तळहाताएवढं, काळपट, पाठीवर तीन कंगोरे. तिने ते ओच्यात घालून घरी आणलं. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात बाबांनी अंगणात विहीर खोदून बांधून घेतली होती. नव्या विहिरीत कासव सोडायची आमच्याकडे रीत होती. ते किडे-अळ्या खातं, पाणी नितळ राहतं, आणि विहिरीला राखणदार मिळतो असं म्हणायचे. बाबा म्हणाले, "घरबसल्या राखणदार आला." आणि कासव विहिरीत गेलं.

पाणी भरायचं काम बाईचं. बादली सोडण्याआधी ती दोर विहिरीच्या कठड्यावर दोनदा आपटायची. तो आवाज ऐकून कासव वर यायचं आणि पाण्याबाहेर नाक काढायचं. मी दोर आपटला तर यायचं नाही. "तुह्या हातात दम नाई," बाई म्हणायची. ती त्याच्याशी बोलायची, घरातलं सगळं सांगायची. मी जवळ गेले की गप्प व्हायची. मला कासवाचा राग यायचा. खरं तेच लिहिते.

मग तिचं लग्न झालं. सासर वैनगंगेच्या पलीकडे, बैलगाडीने दोन दिवस, त्यातला दुसरा दिवस सगळा जंगलातून. पावसाळ्यात नदी चढली की लाकडी डोंगासुद्धा चालत नसे. निघताना तिने मला विहिरीशी ओढत नेलं.

"कासव पाहात जाजो," ती म्हणाली. "मी येईन तवा मले दिसलं पायजे."

"कवा येशील?"

"मंडईले."

मंडई म्हणजे दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगाव भरणारी जत्रा. लग्न झालेल्या मुली त्या वेळी माहेरी येतात. मी तेव्हा नऊ वर्षांची होते. मी मनात असं पक्कं धरलं की कासव जिवंत आहे तोवर बाई येणार, आणि ते मेलं तर येणार नाही. कुणी मला असं सांगितलं नव्हतं.

त्या मंडईला बाई आली नाही. तिच्या सासरी धान कापायला माणूस नव्हतं. मी कासवाला जास्त खाऊ घालू लागले.

सकाळी मूठभर भात, संध्याकाळी मूठभर भात. सणाला माय पुरण टाकायची. गुरुवारी शेजारच्या बायका यायच्या, विहिरीत हळदकुंकू आणि भाताचा गोळा सोडायच्या आणि हात जोडायच्या. विहिरीतलं कासव म्हणजे देवच, आणि देवाला काय खायला घालावं हे आम्हाला माहीत होतं. कासवाला काय खायला घालावं हे कुणालाच माहीत नव्हतं. आधी बाई असताना ते स्वतः किडे शोधून खायचं. आता आयता भात मिळू लागला आणि तेही भाताला सोकावलं.

वैशाखात विहीर उपसतात. पाणी तळाला गेलं की दोन माणसं दोराने उतरतात आणि गाळ काढतात. त्या वर्षी गाळाच्या टोपलीआधी कासवाची टोपली वर आली. मायने तेलाची वाटी आणि कुंकू तयार ठेवलं होतं, कारण मागच्या वर्षी बाईने त्याला वर काढल्यावर न्हाऊमाखू घातलं होतं. मायने हात पुढे केला आणि मागे घेतला.

डोळ्यांच्या जागी वाटाण्याएवढे दोन फुगे होते. डोळे दिसतच नव्हते. पाठीच्या कडेला मी बोट दाबलं तर ती भोपळ्याच्या ओल्या सालीसारखी दबली. पाठीवर पांढरे डाग पडले होते, त्यांना घाण वास येत होता. मान आत घेण्याची ताकद त्याला नव्हती.

"नजर लागली," माय म्हणाली.

तिने मीठमिरची ओवाळून चुलीत टाकली. शेजारणीला लेकरू झालेलं होतं, तिच्या अंगावरचं दूध मागून आणून दोन थेंब डोळ्यांवर टाकले. मग काजळ लावलं. मग पाठीला तेल चोळलं आणि त्यावर हळद थापली. कासव चकचकीत झालं, पण मेलेलं वाटायचं थांबलं नाही. बाबा म्हणाले, "आता फक्त बाशिंग बांधायचं राह्यलं."

तिसऱ्या दिवशी ढिवरीण आली. ढिवर म्हणजे मासे धरणारे लोक. आमच्या गावच्या तलावात त्यांची जाळी असायची. ही ढिवरीण डोक्यावर टोपली घेऊन यायची, मासोळी द्यायची आणि धान न्यायची. मी तिला मावशी म्हणायची. तिने अंगणात टोपली उतरवली, कासवाकडे बघितलं आणि मायला म्हणाली, "वहिनी, याले काऊन सजवलं?"

"डोळे आले त्याचे."

"डोळे नाई आले. हे उपाशी हाय."

"उपाशी? रोज दोन टाइम भात खाते ते."

"भात तुम्ही खा," ढिवरीण म्हणाली. "तुमच्या पाठीले टणक व्हायचं नाई."

मायला ते लागलं. मी विचारलं, "मावशी, तुले कासवाचं कसं माहीत?"

"जाळ्यात येतात. आम्ही खातो. नरम पाठीचं, सुजल्या डोळ्याचं कासव आमच्यात कोणी हातात घेत नाई. चांगलं कोणतं हे पाह्यल्याशिवाय खाता येते का?"

"बरं होईल का ते?"

"होईल नाई तर मरेल. तू सांगते तसं करशील का?"

मी म्हटलं, करीन. मी चौथी पास झाले होते आणि पुढे शाळा नव्हती, म्हणजे मला वेळ होता. ढिवरिणीने सांगितलं ते मी पाटीवर लिहून घेतलं. ती हसली. तिला वाचता येत नव्हतं, पण मधूनमधून ती विचारायची, "लिवलं का?"

पहिलं काम तेल काढायचं. कोमट पाण्यात चिमूटभर मीठ, त्यात कासव बसवायचं, पाणी हनुवटीच्या खाली राहील एवढंच. जुन्या लुगड्याच्या चिंधीने पाठ पुसायची, घासायची नाही. पांढरे डाग पडले आहेत तिथली सैल झालेली साल आपोआप निघेल तेवढीच काढायची. मग कोरडं करायचं, आणि रात्रभर कोरड्यातच ठेवायचं. "पाण्यातलं जनावर कोरड्यात?" मायने विचारलं. "जखम ओली ठेवून कोणाची भरते का?" ढिवरीण म्हणाली.

डोळ्यांना फक्त कोमट पाण्याची चिंधी. काजळ नाही, दूध नाही.

खायला गोगलगाई, शंखासकट ठेचून, कारण पाठीला लागतं ते त्या शंखातच असतं. गांडुळं. बारक्या मासोळ्या डोकं-आतड्यासकट. पिकलेल्या लाल भोपळ्याची फोड, आणि कोवळा पाला.

आणि ऊन. इथे मी चूक केली. मी त्याला सकाळी दगडावर ठेवलं आणि गोगलगाई वेचायला बोडीवर गेले. बोडी म्हणजे शेताजवळचं लहान तळं. वैशाखात गोगलगाई चिखलात खोल असतात, उकरायला वेळ लागतो. परत आले तेव्हा दगड तव्यासारखा तापला होता आणि कासवाच्या तोंडाला फेस होता. मी त्याला सावलीत आणलं, पाणी शिंपडलं. ढिवरिणीने दुसऱ्या दिवशी मला सुनावलं. "हंडीभर भात शिजते तेवढा वेळ ऊन. तेही सकाळचं. अन् अर्ध्या अंगावर सावली पायजे, त्याले वाटलं तर सरकता आलं पायजे. तुले बांधून उन्हात ठेवलं तर तू काय करशील?"

आठ-दहा दिवस ते काहीच खात नव्हतं. डोळे मिटलेलं कासव खात नाही, त्याला अन्न दिसतच नाही. मी गांडूळ त्याच्या नाकाशी धरायची. माझे हात सतत घाण असायचे, माय मला चुलीजवळ येऊ द्यायची नाही. एके दिवशी त्याने तोंड उघडून गांडूळ ओढलं आणि त्याबरोबर माझं बोटही धरलं. मी ओरडले नाही. तीन-चार आठवड्यांनी डावा डोळा फटीएवढा उघडला. त्यानंतर उजवा. पाठीची कड टणक व्हायला मात्र पूर्ण पावसाळा लागला. कासवाचं दुखणं हळूच येतं आणि त्याहून हळू जातं. लोकांना एवढा धीर नसतो, म्हणून त्यांची कासवं मरतात.

विहिरीत परत सोडू नको, असं ढिवरिणीने बजावलं होतं. आमच्या विहिरीला आत बसायला एकही दगड नव्हता आणि ऊन फक्त माथ्यावर आलं की घटकाभर तळाला पोचायचं. मी घरामागच्या सांदवाडीत, जिथे मिरच्या आणि वांगी लावलेली असत, एक खड्डा खणला. एका बाजूला पाणी, एका बाजूला माती, भोवती बाबांनी दगड रचून दिले. बाबा म्हणाले, "बाईले गाडाभर आंदण दिलं नाई, तिच्या कासवाले बंगला बांधला."

श्रावणात झड लागली. सात-आठ दिवस सूर्य नाही. एका सकाळी कासव पाण्यात एका अंगावर कलून तरंगताना दिसलं, आणि नाकातून बुडबुडे येत होते. ही सर्दी. माणसाची सर्दी नाकात राहते, कासवाची छातीत उतरते, म्हणून ते तिरपं तरंगतं. मी त्याला बाहेर काढलं, कोंबड्या झाकायच्या डालीखाली पेंढा घालून चुलीच्या मागच्या भिंतीशी ठेवलं, आच नाही पण ऊब लागेल असं. दिवसातून एकदा कोमट पाणी. आठवडाभर तोंड उघडून श्वास घेत होतं, मान पुढे ताणून. रोज सकाळी डाल उचलण्याआधी मी बाहेरून कान लावून त्याचा श्वास ऐकायची. मंडई दोन महिन्यांवर होती. ते वाचलं. मी काही विशेष केलं म्हणून वाचलं असं नाही. वाचायचं होतं म्हणून वाचलं.

मंडई आली. मी खड्डा साफ केला, दगड धुतले. बाई आली नाही. तिच्या गावचा एक गाडीवान आला, त्याने निरोप दिला. सासू अंथरुणाला खिळली आहे, सोडता येत नाही. सगळा निरोप सांगून झाल्यावर तो गाडी जुंपत होता, आणि मग आठवून माझ्याकडे वळला.

"तूच का बारकी? कासव हाय का म्हून इचारलं तिनं."

"हाय म्हणा. डोळे सुजले होते, बरे झाले म्हणा."

"एवढं नाई राहणार बाप्पा माह्या ध्यानात. हाय म्हणून सांगतो."

तो गेला. मी खड्ड्याशी जाऊन बसले. बाईला दोन ओळी लिहून द्यायला हव्या होत्या असं मला तेव्हा सुचलं, पण तिच्या घरी वाचणारं कोण होतं.

हिवाळा सरला आणि कासवाने नवीनच सुरू केलं. खड्ड्याच्या एका बाजूच्या दगडांशी उभं राहून ते दिवसभर नाक घासायचं आणि नखांनी ओरखडायचं. बोडीच्या बाजूच्या दगडांशीच. त्याचं नाक सोलून लाल झालं. मी मिठाचं पाणी लावलं, हळद लावली. खपली धरायची आणि परत निघायची. दगड बदलले, पेंढा लावला. त्याने पेंढा ओढून काढला.

ढिवरिणीला दाखवलं. ती टोपली डोक्यावरून न उतरवताच म्हणाली, "औषध लाव किती लावते ते. भिंत हाय तोवर नाक फुटणारच."

"मग काय करू?"

"तुले माहीत हाय काय करायचं."

"बाई आली तर काय दाखवू मी तिले?"

"ते मले नको विचारू. मी कासवाचं सांगितलं."

मी महिनाभर काही केलं नाही. नाक रोज फुटत होतं. मग वैशाख आला, विहीर उपसली, आणि बाबा म्हणाले, "आता बरं झालं ना ते? टाक विहिरीत. तळ पाह्य, राखणदाराशिवाय कसा भकास दिसून राह्यला." मी म्हटलं, उद्या टाकते.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्याला ओच्यात घातलं. ओच्यातून त्याची नखं पोटाला लागत होती. बोडीत तेव्हा मधोमधच पाणी होतं, कडेला चिखल. मी चिखलात ठेवलं. ते थांबलं. मला वाटलं, मान वळवेल. ते चालत गेलं, पाणी आलं तसं पाण्यात गेलं, आणि दिसेनासं झालं. मी पाय धुतले आणि घरी येऊन सांगितलं, विहिरीत सोडलं.

कुणी शंका घेतली नाही. गुरुवारी बायका आल्या आणि त्यांनी भाताचे गोळे टाकले. मी त्यांना टाकू दिले.

त्या वर्षीच्या मंडईला बाई आली. गाडीतून उतरली तेव्हा मी तिला ओळखलं ते तिच्या चालीवरून. कमरेवर लेकरू होतं. गळ्याची हाडं वर आली होती, आणि डोळ्यांखाली सूज होती. माय म्हणाली, "प्रवासानं थकली." मीही तेच म्हटलं. बाईने लेकरू मायकडे दिलं, पाय धुतले, आणि विचारलं, "माह्यं कासव?"

मी म्हटलं, "विहिरीत."

ती विहिरीशी गेली. मी तिच्या मागे. तिने दोर हातात घेतला, कठड्यावर दोनदा आपटला आणि वाकली. बराच वेळ वाकून राहिली. मी तिच्या पाठीकडे बघत होते. आता ती वळेल आणि विचारेल, मग मी सगळं सांगेन, असं मी ठरवलं होतं. डोळे, पाठ, सर्दी, नाक, सगळं.

"दिसलं," ती म्हणाली. "मोठं झालं वं."

मी म्हटलं, "हो."

ती चार दिवस राहिली. रोज सकाळी दोर आपटायची, वाकायची आणि हळू आवाजात काहीतरी बोलत राहायची. पूर्वीसारखंच मी जवळ गेले की गप्प व्हायची. तिला खरंच काही दिसत होतं, की माझा चेहरा बघून ती तसं म्हणाली, की तिला नुसतं बोलायला जागा हवी होती, हे मी विचारलं नाही. तिच्या सासरी काय चाललं आहे हेही विचारलं नाही. तोंड उघडून श्वास घेणारं कासव मला डालीबाहेरून कळायचं. बाईच्या डोळ्यांखालची सूज मी चार दिवस समोर बघत होते. त्यानंतर ती माहेरी मोजक्याच वेळा आली, दर वेळी घाईत. ती गेली त्याला आता खूप वर्षं झाली. आता विचारायला कुणी नाही.

पाचव्या दिवशी गाडी जुंपली. गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "माय, त्याले भात नका टाकू फार." मायने विचारलं, "काऊन?" बाई म्हणाली, "असंच." गाडी निघाली.

गाडी वळणापाशी दिसेनाशी झाल्यावर मी बोडीवर गेले. बोडी भरलेली होती, ऊन कोवळं होतं. मधल्या दगडावर चार कासवं बसली होती, मान वर करून. माझ्या पायांचा आवाज झाला तशी ती एकामागून एक पाण्यात पडली. त्यातलं आमचं कोणतं ते मला ओळखता आलं नाही. डोळे मात्र चौघांचेही उघडे होते.